पहिली चीर

पिंप्राळ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरामागे, मोरीच्या पत्र्यावर, भाद्रपद सरता सरता एक गंगाफळ पिकत बसलेले असे. इतर ठिकाणी त्याला लाल भोपळा म्हणोत, आमच्या जळगावात ते गंगाफळच. बाहेरून राखाडी-हिरवे, बोट फिरवले की चुन्यासारखी पांढुरकी भुकटी लागणारे, आणि उन्हाकडच्या कुशीवर एक तांबूस डाग... वेल आई लावी, पाणी आई घाली, फळ जड होऊ लागले की त्याखाली जुन्या लुगड्याची चुंबळही आईच सारी. फोडायला मात्र पुरुष लागे.

अख्ख्या गंगाफळाला बाईने पहिली चीर लावायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. एकदा पुरुषाचा हात लागला की पुढे हजार फोडी करायला बाई मोकळी. माझे वडील मी तीन वर्षांची असताना गेले. घरात आई आणि मी. म्हणून पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, वडिलांच्या तिथीच्या सकाळी, आई ते फळ कडेवर घेऊन समोरच्या नानांकडे जाई. नाना माणूस सोन्यासारखा, पण त्या दिवशी जरा नाकाने कांदे सोलत. चहा, पेपर, दाढी असे सगळे यथासांग आवरून मग कोयता हाती घेत, आणि तोवर आई त्यांच्या ओट्याखाली उभी. त्या उभे राहण्याचा मला राग येई. अजून येतो.

पित्तर म्हणून आमच्याकडे जेवायलाही नानाच बसत. ते पोटभर जेवले की वडील जेवले, अशी आईची श्रद्धा.

मी दहा वर्षांची होते त्या वर्षी नाना पहाटेच बोदवडला गेले, दहाच्या आत येतो म्हणून. अकरा वाजले तरी गाडीचा पत्ता नाही. खीर झाली होती, कढीला उकळी फुटत होती, आणि जिच्यावाचून वडिलांचे पान पुरे होत नाही ती गंगाफळाची भाजीच नव्हती. नानांच्या बायको, अक्का, ओट्यावरून म्हणाल्या, "थांब माय, येतीन ते. बाईनी फोडू नही."

आई घरात परतली. फळ पाटावर ठेवले, पदर खोचला, कोपऱ्यातला कोयता घेतला आणि मला म्हणाली, "धर." मी दोन्ही हातांनी धरले. पहिला घाव निसटला. दुसरा बसला — आणि करकरत ते उघडले... आत केशरी उजेड, आणि ओल्या मातीचा, काकडीचा गार वास. मग तेलात मेथीदाणे तडतडले, लाल मिरच्या काळपटल्या, सालीसकट फोडी पडल्या, वर गूळ आणि चिंच. आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती गुणगुणत होती.

दुपार टळायच्या बेतात नाना घामाघूम होऊन आले, पाय धुऊन पाटावर बसले. पानातली भाजी बघून त्यांचा हात थांबला.

"कोनी फोडं?"

"मी फोडं," आई म्हणाली. गाडीला उशीर झाल्याचे तिने काढलेही नाही.

ते पानावरून उठले असते तर वडील उपाशी राहिले असते. माझा जीव टांगणीला लागला. नानांनी भाजीकडे पाहिले, आईकडे पाहिले, एक घास घेतला, सावकाश चावला.

"वाढ अजून," ते म्हणाले. तीनदा वाढली.

नवरात्राच्या तोंडावर अक्का पदराआड गंगाफळ घेऊन आमच्या मागच्या दाराशी. "हे फोडी दे, माय. नानाले सांगू नको." नानांना ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही, पण ते कधी बोलले नाहीत. पुढल्या वर्षी गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. मग तर घारग्यांच्या दिवसांत आमच्याकडे बायांची रांगच लागे. आई आधी प्रत्येकीला बसायला पाट देई. कोणालाही तिने उभे ठेवले नाही.

आता नाना नाहीत, अक्का नाहीत, मोरीवरचा पत्राही नाही. बाजारात गंगाफळाच्या चिरलेल्या फाका मिळतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. तरी पितरपाटात मी अख्खेच आणते, रिक्षात मांडीवर घेऊन. आईच्या मनगटांत कोयता पेलण्याची ताकद उरलेली नाही. ती पाटाशी बसते, फळावर बोटांनी टकटक करून बघते, मग दोन्ही तळवे त्यावर घट्ट ठेवते.

"मी धरते," म्हणते. "लाव चीर."

तिचे हात थरथरतात. फळ हलत नाही.