सातव्या गजावरची रेघ

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काँक्रीटच्या तुळया ओतणारा एक कारखाना आहे. तिथे इमाम शिकलगार सव्वीस वर्षं तारा ताणतो. साच्यात पोलादी तारा जॅकनं ताणायच्या, त्यावर काँक्रीट ओतायचं, ते घट्ट झालं की तारा सोडायच्या. मग तारा आखडू बघतात आणि तुळईला आतून आवळून धरतात. सांगायला सोपं, पण ताणलेली तार सुटली तर माणूस उभा चिरते. इमामच्या हातून एकही तार सुटली नव्हती आणि त्याचा त्याला गर्व होता. का नसावा? सव्वीस वर्षं दहाही बोटं शाबूत ठेवणं खायचं काम नाही.

त्याची एक रीत होती. तारा ताणून झाल्या की प्रत्येकीवर हातोडीची एक टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. ढिली तार भद्द बोलते. हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. पुस्तकात कुठं सापडायचं नाही.

मग फायबरचे गज आले. कृष्णाकाठची रानं पाणी पिऊन पिऊन खारपड झालीत, त्या क्षारात पोलाद सडतं. तसल्याच एका रानातल्या खोल चरावर छोटा पूल व्हायचा होता, म्हणून इंजिनियर क्रांतीनं काचेच्या धाग्यांचे, न गंजणारे गज मागवले. बोटाएवढे जाड, हिरवट, हाताला हलके. इमामनं एक उचलून बघितला आणि चहाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाला, "मॅडम, ह्यो पूल हाय का पतंग? काचंचा मांजा लावताय त्याला!"

माणसं पोट धरून हसली. क्रांतीही हसली, पण तिचा चेहरा उतरला होता.

"चाचा, एकच सांगते," ती म्हणाली. "याला लोखंड लागू द्यायचं नाही. पोलाद मार सोसतं, तुटायच्या आधी लांबतं, कुरकुरतं. याचा आतला धागा दुखावला, तर हा वर्ष-दोन वर्षं गप्प राहील आणि एक दिवस काडकन तुटेल."

इमामनं मान हलवली. पहिल्या दोन तुळया नीट झाल्या. तिसरीचे आठही गज ताणून तो जॅकपासून वळला आणि हात आपोआप गेला. सव्वीस वर्षांची सवय ती, विचारून थोडीच येते! हातोडी सातव्या गजावर बसली. हिरव्यावर नखाएवढी पांढरी रेघ उमटली. अंगठ्यानं घासली, तरी जाईना.

"चाचा, सगळं ठीक?" क्रांतीनं मिक्सरपाशी उभं राहून विचारलं.

"व्हय," इमाम म्हणाला.

पाच मिनिटांत रेघ काँक्रीटखाली गेली. तो शरमेपोटी खोटं बोलला. ज्या हाताची अख्ख्या कुपवाडात शपथ घेत, तो हात चुकला हे सांगायला जीभ उचलली नाही. पुढचे तीन दिवस त्याला घास गोड लागेना. सांगावं तर लोक म्हणणार, मांजा म्हणून हसला होता, मुद्दाम ठोकला. न सांगावं तर तो पूल नेमका त्याच्या लेकीच्या, सुमैराच्या वाटेवरचा. ती माधवनगरहून चरापलीकडच्या गावातल्या शाळेत शिकवायला जायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

चौथ्या दिवशी, गज सोडायच्या आधी, तो मालक धैर्यशील आणि क्रांतीपुढं उभा राहिला आणि सगळं सांगितलं.

धैर्यशील आधी हसला. "आवं इमामभाई, तुमी आन् चुकनार व्हय?" मग त्याचं हसू मावळलं. "का तुमाला फायबर नकोच हाय? सरळ सांगा की गड्या."

"तीन दिवस का बोलला नाहीत?" क्रांतीनं विचारलं. तिच्या नजरेत संशय आला. तरी ती सरळ बाई. तिनं गज सोडवून तिसरी तुळई वाळूच्या पोत्यांनी लादून एक दिवस ठेवली. तुळई हवी तेवढीच वाकली, पोती काढल्यावर परत सरळ झाली. कुठं तडा नाही. क्रांतीनं कागदावर 'योग्य' लिहिलं आणि इमामकडं न बघता निघून गेली.

"मॅडम, आज टिकली म्हनून... तुमीच म्हनलावता न्हवं, वर्ष-दोन वर्षं गप्प ऱ्हातंय!" तो मागनं ओरडला. कोणी थांबलं नाही. खरं बोलून माणूस खोटा ठरला.

महिन्याभरात पूल झाला. इमामनं सुमैराला सगळं सांगितलं.

"अब्बा, तुमी म्हनताय तर म्हनताय," ती म्हणाली. "मी लांबनं जाईन." चार किलोमीटरचा फेरा. तिनं एकदाही 'खरंच का' विचारलं नाही. इमामला इतकं बरं वाटलं, की तो न्हाणीघरात जाऊन रडला.

दुसऱ्या सकाळी तो पुलाजवळ गेला. लांब बांधावरून सुमैराची स्कूटर एकटीच धूळ उडवत चालली होती. आणि पुलावरून तिच्याच शाळेची पोरं सायकली दामटत, घंट्या वाजवत पलीकडं चालली होती. इमामच्या ध्यानात आलं: आपण आपली तेवढी काढून घेतली.

तो पळत पुलाच्या तोंडाशी जाऊन आडवा उभा राहिला. समोरून राहीबाई नावाची म्हातारी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आली.

"बाई, तिकडनं बांधावरनं जावा."

"का वं?"

"ह्या पुलात एक गज दुखावलाय. माज्या हातनं."

राहीबाईनं भाऱ्याखालून पूल बघितला, मग त्याला बघितलं. "काल उसाचा ट्रॅक्टर गेला की ह्यावरनं. त्याला काय झालं न्हाई, आन् मी मोडनार व्हय? सरका बाजूला, मान आवघडली माजी."

इमाम बाजूला झाला.