लाल सुताचा वीतभर नमुना

ज्या सतरंजीवर गावातल्या बायका वर्षानुवर्षं बसणार, ती पहिल्याच झटक्यात बिनचूक विणली जाईल, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

मला सांगितलं होतं आमच्या उमरीतल्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी. त्यांचं कापडाचं दुकान आहे, म्हणून सुताबद्दल शेवटचा शब्द आपलाच, असं ते धरून चालतात. वाचनालयाला नवी खोली मिळाली. बायकांना बसायला सतरंजी हवी आणि ती गावातच विणलेली हवी, हा आग्रह आम्ही बायकांनी धरला आणि विणायचं मी अंगावर घेतलं. उद्घाटनाआधी सतरंजी झाली नाही, तर अध्यक्ष लातूरहून प्लास्टिकच्या चटया आणणार होते.

मी मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला, लाल सुतानं वीतभर विणलं आणि कात्री लावली. अध्यक्ष नेमके दारात.

“काय करून राहिलीस गं पोरी? भरल्या ताण्याला कात्री?”

“नमुना आहे, काका.”

“नमुने दुकानात दाखवायचे असतात. तू गुमान विणत ऱ्हा.”

गुमान हा शब्द आमच्या घरात चालत नाही. वडील पत्रकं काढायचे, मी त्यांच्या घड्या घालत वाढले. छापखान्यातून कच्ची प्रत आली की ते ती आधी विरोधकाच्या हातात द्यायचे. आपल्या माणसाला चूक दिसत नाही, दिसली तरी तो बोलत नाही. म्हणून मी नमुना मैत्रिणींना दाखवलाच नाही. अध्यक्षांच्याच न्हाणीघरापुढं पायपुसणं म्हणून टाकायला दिला.

आठवडा उलटायच्या आत ते वाचनालयात आले आणि चपला काढून सगळ्यांना तळपाय दाखवू लागले. लालभडक.

“बघा! या वयात मला नवरदेव केलं हिनं!”

सगळे हसले. मीही हसले. रंग सुटत होता. चूक माझीच होती, पण ती वीतभर होती.

“आता मी चटया मागवतो,” ते म्हणाले.

“मागवा. पण आधी एक आणा. माझ्या नमुन्याचं केलंत तेच तिचं करू. ओल्या पायांनी तुडवू, उन्हात टाकू.”

“चटईची कुठं परीक्षा असती का?”

तेव्हा भाजी विकणारी मावशी बोलली. दुपारी पेपर ऐकायला ती रोज येते. “भाऊ, बसायचं आमाला हाय. उन्हाळ्यात ते प्लास्टिक मांडीला चिकटतंय. तुमी बसता खुर्चीवर, तुमाला काय कळतंय? सतरंजी हुईस्तोवर आमी फरशीवर बसू.”

आणि बसलो. उद्घाटनाला पाहुणे खुर्च्यांवर, अध्यक्षांनी तरीही आणलेल्या चटया कोपऱ्यात गुंडाळलेल्या, बायका उघड्या फरशीवर. फोटोत ते बरं दिसलं नाही. दिसू नये. फोटोच्या घाईत विणलं असतं, तर पहिल्याच पावसाळ्यात प्रत्येकीचं लुगडं डागाळलं असतं आणि बायकांची कामं अशीच असतात, हे ऐकावं लागलं असतं. पोरगी हट्टी हाय, असं आता बाजारात बोलतात. हाय.

देगलूरहून पक्क्या रंगाचं सूत आणलं. दुसरा नमुना विणून वाचनालयाच्या उंबऱ्याशी टाकलाय. तो पास झाल्याशिवाय सतरंजीसाठी मी आडव्या धाग्याचा धोटा पुढं टाकणार नाही. उमरीला आलात तर त्यावर चिखलाचे पाय पुसा, नखानं धागा उचकटून बघा, आणि ‘छान झालंय’ म्हणून निघून जाऊ नका. माझ्या तोंडावर चूक सांगा.