सुरमईच्या तीन शिट्ट्या

आमच्या घाटकोपरच्या घरात दर रविवारी मासे येतात, आणि रविवार संपेपर्यंत एखादा किस्सा घडल्याशिवाय राहत नाही. सोमवारी साकीनाक्याच्या ऑफिसात डबा उघडला की मैत्रिणी आधी विचारतात, "काल काय झालं?" भाजी कुठली आणलीस, हे कुणी विचारतच नाही. आता एवढे किस्से साठलेत की सांगूनच टाकते.

माझं माहेर बुलढाण्याचं. आमच्याकडे रस्सा म्हणजे मटणाचा, वर लाल तर्री आणि घशाला जाळ. सासर देवगडचं. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी हौसेने सुरमईचं कालवण करायला घेतलं. कांदा-खोबरं भाजलं, गरम मसाला घातला आणि मटणाला लावते तसा कुकर लावला. तीन शिट्ट्या!

सासूबाईंनी झाकण काढलं. आत नुसताच रस्सा. त्यांनी पळी फिरवून तळ बघितला आणि शांतपणे विचारलं, "सुरमय खंय गेली गो?"

त्या दिवसापासून कालवणाचा टोप त्यांनी माझ्याकडून काढूनच घेतला. चार वर्षं! मी मसाला वाटायचा, नारळ खवायचा, भांडी घासायची. कालवण मात्र त्याच करणार. मीही मग इरेला पेटले. म्हटलं, हा टोप मिळवून दाखवते की नाही बघाच.

*

बाजारातसुद्धा माझी परीक्षाच. पहिल्यांदा सासूबाईंबरोबर गेले तेव्हा मी कोळीणमावशींना अगदी गोड आवाजात विचारलं, "मावशी, ताजे आहेत ना?"

त्या म्हणाल्या, "नाय गं बाय, तुझ्यासाठी गेल्या आठवड्यापासून ठेवलेत!"

सासूबाई एवढ्या हसल्या की पिशवी खाली ठेवावी लागली. मग त्यांनीच शिकवलं. विकणारीला विचारायचं नाही, माशाला विचारायचं. कल्ला उचलून बघ, लालभडक पाहिजे. अंगावर बोट दाबून बघ, खड्डा राहता कामा नये. आता मी इतके कल्ले उचलते की त्याच मावशी म्हणतात, "आली इन्स्पेक्टर!"

*

एकदा बोंबील आणले आणि सासूबाई बारशाला निघाल्या. जाता जाता सांगून गेल्या, चिरून पसरून ठेव आणि वर वजन ठेव, पाणी निघायला पाहिजे. आता वजन आणू कुठून? पाटा-वरवंटा देवगडला राहिलेला. मी बसायच्या दोन लाकडी पाटांमध्ये फडकं घालून बोंबील ठेवले आणि वर नवऱ्याचे डंबेल्स रचले. संदेशने ते मोठ्या उत्साहाने आणले होते आणि दोन वर्षं त्यांच्यावर टॉवेल वाळत होते.

बोंबील असे निथळले की काय सांगू! हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ, वरून रवा, बस. कुरकुरीत झाले, झकास! संदेश म्हणाला, "चला, डंबेल्सचे पैसे वसूल झाले."

सासूबाईंनीही खाल्ले, आवडीने खाल्ले. पण हात धुता धुता म्हणाल्याच, "तळूक कोणाकय येता. कालवण करून दाखव."

*

मग कधीतरी त्या दोन दिवस बोरिवलीला लेकीकडे गेल्या आणि मी संधी साधली. बांगड्याच्या कालवणात तिरफळं घालतात, हे मला माहीत होतं. फळं नुसती ठेचून वर टाकायची आणि आतलं काळं बी फेकून द्यायचं, हे माहीत नव्हतं. मी मूठभर तिरफळं बियांसकट मिक्सरमध्ये नारळाबरोबर वाटली.

संदेश घरून काम करत होता. दोन घास खाऊन मीटिंगला बसला आणि बोलायला गेला तर जीभ बधिर. नुसतं "अं... थ्... थ्..." पलीकडून त्याचा साहेब म्हणाला, "तुझा आवाज तुटतोय. नेटवर्क बघ जरा."

त्या दिवशी कालवणाची आणि मीटिंगची, दोन्हींची वाट लागली.

*

आमच्या सासूबाईंची एक सवय मात्र सांगितलीच पाहिजे. स्वतःचं कालवण मनासारखं जमलं की कुणाला वाढायच्या आधी त्या एक वाटी काढतात, वर ताटली झाकतात आणि फ्रीजमध्ये दह्याच्या डब्यामागे सरकवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीबरोबर ते मुरलेलं कालवण एकट्या खातात. त्या वाटीला पोटच्या पोरालाही हात लावू देत नाहीत. संदेशने एकदा लावला होता, अजून ऐकतोय.

*

गेल्या महिन्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गॅससमोर उभं राहायला बंदी. नेमक्या पुढच्या रविवारी वंदनाताई, म्हणजे माझी नणंद, आईला बघायला म्हणून जेवायलाच आल्या. टोप आला माझ्या हातात. आणि मी मुद्दाम आणली सुरमईच!

तुकड्यांना मीठ-हळद लावली. ओला नारळ, धणे, भिजवलेल्या मिरच्या गंधासारख्या बारीक वाटल्या. आधी वाटपाला उकळी आणली, कोकमं टाकली, मग तुकड्या सोडल्या. पळी घातली नाही. टोपच दोन्ही बाजूंनी धरून हलवला आणि पाच-सात मिनिटांत गॅस बंद केला. तुकडी न तुकडी अखंड राहिली. मला नाचावंसं वाटत होतं.

वाढायच्या आधी सासूबाई काळा चष्मा लावून, पाणी पिते म्हणत, स्वयंपाकघरात जाऊन आल्या. जेवायला बसल्या आणि ताटातून मान वर केली नाही. वंदनाताई मात्र बोटं चाटत होत्या. शेवटी म्हणाल्या, "वहिनी, अजून एक तुकडी आहे का गं?"

मी उठणार, तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "संपला गो. टोप रिकामो."

मला वाटलं होतं, दोन तुकड्या तरी असतील. पण टोप खरंच रिकामा होता. सोलकढी घ्यायला मी फ्रीज उघडला. दह्याचा डबा जरा पुढे आला होता. मागे ताटली झाकलेली वाटी. हात लावला तर अजून गरम.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "फ्रीज लाव गो बेगीन!"