स्टोव्हसमोर प्रसादाची वाट बघणारा शेरू

मंडळी, एक सल्ला हवाय.

इकडे परदेशात विंटरमध्ये पॉवर गेली की घर गारठतं, म्हणून घर तापवायला लाकडं जाळायचा स्टोव्ह बसवायचं चाललं होतं. आज आमच्या कुत्र्याला, शेरूला, घेऊन जवळच्या वॉन शहरात मित्राकडे त्याचा स्टोव्ह बघायला गेलो.

मित्राने लाकूड टाकायला स्टोव्हचं काचेचं दार उघडलं, आणि शेरू धावत जाऊन थेट जाळासमोर तोंड पुढे करून बसला! मी पट्टा ओढेपर्यंत मिशा जळल्याचा वास आला.

"बाबा, ही थिंक्स इट्स आरती!" लेक ओरडली.

खरंच की. आमच्याकडे रोज आरती झाली की त्याला खोबरं मिळतं. आगीची त्याला भीतीच नाही.

बायको म्हणते, स्टोव्हभोवती जाळी लावू. पण आम्ही ऑफिसला गेल्यावर घरात शेरू आणि ती तापलेली काच, दोघंच असणार.

तुम्ही असा स्टोव्ह बसवाल?