जिन्याखालचा आवाज

"सावकाश या, आमी हाय," असं म्हणून ती फोन ठेवायची. ठेवल्यावरही तिचा हात थोडा वेळ त्यावरच राहायचा.

शिर्डीतल्या एका लॉजवर मी काउंटरला होतो. ती फोनवरून खोल्या लावून द्यायची. तेव्हा तुम्ही आमच्याकडे उतरला असाल, तर तिचा आवाज ऐकलाच असेल. ती मात्र दिसली नसेल. मालकांनी तिला जिन्याखालच्या खोलीत बसवलं होतं.

खरं तर ती आली होती काउंटरचीच जागा मागायला. तेवीस-चोवीसची, बारावी झालेली, काखेत कुबडी. लहानपणी उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेला. मालकांनी आडनाव विचारलं, मग गाव. चर्चमागची वस्ती म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे तुम्ही पूर्वीचे कोण?"

"पूर्वी मी लई पळायचे, साहेब."

मला हसू आलं, मालकांना नाही. पुढे काउंटरवर माझ्या जोडीला त्यांचा भाचा आला. त्याचा डावा हात अधू होता.

"त्याचा हात गेला, माझा पाय," डबा खाताना ती म्हणाली. "पर त्याला मामा हाय."

दुपारी तिच्या खोलीत झरोक्यातून ऊन उतरायचं, बाहेरच्या गुलाबांचा वास यायचा. डोळे मिटून ती कुणा अनोळखी माणसाला वाट सांगत असायची. ऐकता ऐकता मलाही वाटायचं, आपणही कुठून तरी लांबून येतोय आणि आता पोचणारच.

एकदा परभणीकडच्या एक आजी आल्या. "ती फोनवरची पोरगी कुठंय?" म्हणत थेट जिन्याखाली गेल्या. तिच्या तोंडावरून हात फिरवला, तिथंच बसून चहा प्यायल्या.

त्याच संध्याकाळी ती मालकांसमोर उभी राहिली. "मला म्होरं बसवा."

"लोक काय म्हणतील?"

"लोकच तर मला इचारत्यात."

"बघू. गर्दी ओसरू दे."

"शिर्डीची गर्दी कवा वसरायची, साहेब?"

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. फोन वाजत राहिला.

पुढे आईचे डोळे दाखवायला कोपरगावच्या एका दवाखान्यात गेलो, तर शिरल्या शिरल्या समोर चौकशीच्या खुर्चीवर ती. मी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढच्या आजोबांना कुठं जायचं ते सांगूनही कळेना. तेव्हा ती उठली, कुबडी काखेत घेतली, दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला. काचेतून आलेल्या उजेडात दोघं हळूहळू लांब होत गेली.

रिकाम्या खुर्चीसमोर आम्ही सगळे थांबलो. कुणी कुरकुरलं नाही.