शोभेची गिटार

आमच्या बँडचा फोटो काढायचा झाला की गायक मधोमध उभा राहतो, लीड गिटारवाला एक पाय पुढे टाकतो, ड्रमवाला काठ्या हवेत धरतो. मी म्हणजे ड्रमच्या झांजेमागून दिसणारा अर्धा कान. मी रिदम गिटार वाजवतो.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र, आता पन्नाशीला टेकलेले. वाजवतो ती साठेक वर्षांपूर्वीची, इंग्लंडातल्या पोरांची गाणी. त्यांच्या बँडांत बहुतेकदा दोन गिटारी असायच्या. एक मधूनच झेप घ्यायची नि टाळ्या मिळवायची. दुसरी, म्हणजे रिदम, गाणं संपेपर्यंत एकच ठेका धरून राहायची. ही दुसरी मला फार आवडायची, असं मी लोकांना सांगतो. खरं तर आम्ही चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि ती माझ्या वाट्याला आली. आवडली नंतर, आणि मग अशी आवडली की लीड वाजवणाऱ्यांची मला कीव येऊ लागली. ते बिचारे गाण्यात येऊन-जाऊन असतात.

घरी मात्र या वाद्याला मान नाही. वडील फौजेतून निवृत्त झालेले, तरुणपणी पलूसकडच्या कुस्तीच्या मैदानांत हलगीच्या जोडीला ठेका धरणारं घुमकं वाजवायचे. मी गिटार घेतली त्या दिवसापासून ते तिला ‘खाजवणं’ म्हणतात. “किती खाजवतोस रं, बास कर आता,” हे मी तीस वर्षं ऐकत आलोय. त्यांनी एकदा तरी माझं नीट ऐकावं असं फार वाटायचं. या वयातही वाटतं, लाज कशाला बाळगू.

यंदा विश्रामबागेत कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि आमचा कार्यक्रम. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वडील आमच्याकडेच होते. घरी एकटं कुठं ठेवायचं म्हणून बायकोनं त्यांना सोबत आणलं. काळा चष्मा लावून ते दुसऱ्या रांगेत बसले. मी त्यांच्यासाठी म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता. चष्म्यातून त्यांना तो दिसणार नव्हता, हे स्टेजवर चढल्यावर लक्षात आलं.

पहिलं गाणं गडबडलं. ड्रमवाला लय सोडून पळायला लागला, गायक त्याच्यामागे धावला. दुसऱ्यात तर दोघांची चुकामूकच झाली. मला माझी गिटार ऐकू येत नव्हती, पण ती मला स्टेजवर कधीच धड ऐकू येत नाही. म्हणून मी इमानदारीत वाजवत राहिलो.

दुसरं गाणं संपलं तेव्हा दिसलं की वडील उठलेत आणि बायकोचा हात धरून साउंडवाल्याच्या टेबलाकडे निघालेत. मला वाटलं, कंटाळून घरी चालले.

टेबलापाशी काय झालं ते बायकोनं नंतर सांगितलं. वडील म्हणाले, “गड्या, आमच्या पोराचं खाजवणं कुठं गेलं? दोन गाणी झाली, ऐकू येत न्हाई.”

साउंडवाला ऑर्केस्ट्रांच्या कार्यक्रमांना सरावलेला. तो म्हणाला, “आवं आबा, दोन-दोन गिटारी हुत्या. दुसरी शोभंची आसंल म्हटलं. स्पीकरात शिट्टी मारत हुती, म्हणून बंद केली.”

“घुमकं बंद करून हलगी वाजवशील व्हय? चालू कर.”

त्यानं बटण वर केलं. तिसऱ्या गाण्याला ड्रमवाल्यानं चमकून माझ्याकडे बघितलं आणि मग तो जागेवर आला. गायकही आला. लोकांनी पाय हलवायला सुरुवात केली. टाळ्या नेहमीप्रमाणे लीड गिटारवाल्याला मिळाल्या, त्यानं वाकून नमस्कारही केला. आमच्या खांद्यावर पाय देऊन मोठी होणारी जमात आहे ती, पण मित्र आहे.

घरी जाताना रिक्षात मी वडिलांना विचारलं, “आबा, माझी गिटार बंद आहे हे तुम्हाला कसं कळलं? आम्हा चौघांनाही कळलं नाही.”

“तीस वरसं ऐकतोय की,” ते म्हणाले. रिक्षा खड्ड्यातून गेली, त्यांनी चष्मा सावरला. “तिसऱ्या गाण्यात मधी एकदा चुकलास. हात उशिरा पडला.”

पडला होता. कॉर्ड बदलताना बोट अडकलं होतं. त्या अख्ख्या हॉलमध्ये ते माझ्याखेरीज कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं, असं मी समजत होतो. मला इतका आनंद झाला की घर येईपर्यंत मी मांडीवर बोटांनी तोच कॉर्ड बदलत राहिलो.