आत्याबाईंची मापं

आमच्या आत्याबाईंइतका बायकांच्या अंगाचा मान राखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि चारचौघांत त्याच अंगाचा पंचनामा करणाराही. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, राहणार परंडा. लग्नात सगळ्यांच्या पाया पडत मी त्यांच्यापुढे आले, तर त्यांनी मला उठवून कडकडून मिठी मारली. मला भरूनच आलं, सासरी पहिल्याच दिवशी एवढा जिव्हाळा! तेवढ्यात माझ्या खांद्यावरून पलीकडे उभ्या असलेल्या सासूबाईंना खणखणीत आवाजात निकाल ऐकवला गेला, "वहिनी, पोरीचा ब्लाऊज काखंत काचायलाय. कुण्या मेल्यानं शिवलाय?" सगळा मांडव माझ्या काखेकडे बघायला लागला. आणि खरं सांगते, ब्लाऊज सकाळपासून काचतच होता.

मिठी ही त्यांची माप घ्यायची रीत. टेप त्यांना चालत नाही. "त्या आकड्यास्नी अंग कुठं असतंय?" म्हणतात. मिठीत अंदाज घ्यायचा, मग वितीनं आणि चार बोटांनी खात्री करायची, आणि दोऱ्याला गाठी मारून ठेवायच्या. पहिली गाठ खांद्याची, दुसरी छातीची, तिसरी कमरेची. घराण्यातल्या झाडून सगळ्या बायकापोरींचे असे दोरे एका पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकीचा रंग वेगळा. माझा जांभळा. वजन वाढलेल्या पुतण्या-भाच्या त्यांना लांबूनच नमस्कार करून सटकतात. "तिकडनं काय नमस्कार करायलीस? ये की जवळ!" असं म्हणत आत्याबाई भर लग्नात त्यांच्या मागे लागतात.

खरेदीला त्या धाराशिवला आमच्याकडे येत. बाजारातल्या एका कापड दुकानदाराला त्यांचा धसकाच होता. कपडा अंगावर चढवला आणि आरशात बघितलं, एवढ्यानं त्यांचं भागत नसे. घालणारीनं त्यात काम करून दाखवायचं. एका भाचीच्या साखरपुड्याचा ब्लाऊज घ्यायला गेलो, तर त्या नाजूक पोरीला दुकानाच्या गादीवर उकिडवं बसवलं, भाकरी थापायला लावली, वरच्या फळीवरचा डबा काढायला लावला आणि शेवटी एसटीची पायरी चढ म्हणाल्या. पायरी म्हणून दुकानदाराचं स्टूल. टर्रकन आवाज झाला. "बघ, साखरपुड्यात उसवला असता," आत्याबाई समाधानानं म्हणाल्या. दुकानदारानं हात जोडून कुर्ते पुढे केले, "आत्या, हे फ्री साईज हाय. सगळ्यांना बसतंय." त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "सगळ्यांना बसतंय म्हंजी कुणालाच बसत न्हाय. ठेव तिकडं."

लेकरांच्या बाबतीत तर त्या आणखी हट्टी. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचे, ही रीतच आहे. माझ्या नवऱ्याचा शाळेतला शर्ट असा होता, की तो त्याला नीट बसला त्याच आठवड्यात फाटला. मधली चार वर्षं तो बाह्या दुमडत हिंडला. आत्याबाईंना ही रीत मुळीच मान्य नव्हती. "लेकरू आज ल्हान हाय. त्याला आज नीट दिसू द्या की," त्या म्हणत. हा हट्ट कुठून आला, ते मला फार उशिरा कळलं. पाच बहिणींतली ही चौथी. थोरल्या तिघींनी वापरून सोडलेलंच अंगावर यायचं. स्वतःच्या मापाचं पहिलं कापड लग्नात शिवून मिळालं. "ते घातलं आन् म्या रडले. लोकांस्नी वाटलं, माहेर सुटायलंय म्हणून रडतीया," हे सांगताना त्या हसत होत्या, पण मला काही हसू आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बार्शीला माझं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला. आता हे वाक्य मी असं सरळ लिहिते. तेव्हा घरातही आम्ही नुसतं 'ऑपरेशन' म्हणत होतो. मी धाराशिवला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. रजा संपली, वाढवली, पुन्हा वाढवली. शेवटी राजीनामा लिहून कपाटात ठेवला. अशक्तपणा आहे, असं सगळ्यांना सांगितलं. अशक्तपणा कसला! एकही ब्लाऊज अंगावर धड बसत नव्हता. डावीकडे कापडाला चुणी पडायची, खांदा घसरायचा. नववीतल्या साठ मुलींसमोर असं उभं राहायचं, या विचारानंच मला घाम फुटे. दुकानात तयार काहीबाही मिळतं म्हणे. पण समोर बसलेल्या त्या बाप्याकडे मागायचं तरी काय म्हणून? वीस वर्षं जीव लावून केलेली नोकरी मी एका ब्लाऊजापायी सोडायला निघाले होते.

सासूबाईंकडून कळलं तशा आत्याबाई आल्या. मी दारात उभी राहिले. त्या दारातूनच "बरी हायस का?" म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मिठी नाही. मला वाटलं, झालं! आत्याबाईंनासुद्धा आता माझी किळस यायला लागली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि आठ दिवसांनी तीन ब्लाऊज घेऊन परत आल्या. डावीकडे कापूस भरलेली पिशवी आतून शिवलेली. मी एक घालून बघितला. हलका कापूस सरकत सरकत गळ्याशी आला, आणि शिवण नेमकी टाक्यांच्या जागी टोचायला लागली. माझा तोल सुटला.

"आत्याबाई, कुणाच्या मापाचं आणलंत हे?"

"तुझ्याच की. जांभळ्या दोऱ्याचं."

"ती मी आता राहिले नाही! आणि तुम्ही माप घेतलंतच कुठं? साधं जवळसुद्धा घेतलं नाहीत मला."

सगळ्या हयातीत माप न घेता आत्याबाईंनी हे एवढेच कपडे शिवून घेतले असतील. मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "तुला दुखंल म्हणून भ्याले गं. हातच उचलंना माझा." मी रडायलाच लागले. "आता रडायलीस कशाला? कवाड लाव आधी," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात धुतले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. नवा दोरा काढला, आणि पहिल्यांदाच एका बाईसाठी दोन दोरे झाले, उजव्या अंगाचा एक, डाव्या अंगाचा एक. "हितं दुखतंय का? आन् हितं?" एवढंच विचारत होत्या. जिथं दुखत होतं तिथं त्यांनी गाठ मारली, म्हणजे तिथं शिवण येता कामा नये. ऑपरेशननंतर डॉक्टर सोडून त्या जागेला कुणाचा हात लागला नव्हता. माझासुद्धा नाही. सगळं झाल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मापं तर आधीच घेऊन झाली होती.

परंड्यात त्यांचे ठरलेले टेलर, त्यांना सगळे चाचा म्हणतात. या दोघांचं चाळीस वर्षं भांडण चालू आहे. कापूस हलका पडतो म्हणून आत्याबाईंनी त्यात वजनाला मोहरी घालायचं ठरवलं. चाचांनी कपाळाला हात लावला, "आपा, ह्यो ब्लाऊज हाय का फोडणी?" पण कुणासाठी, कशासाठी, हे त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. आतून मऊ मलमलचा खिसा लावला, शिवण बाजूला नेली. पिशवी आत्याबाईंनी स्वतः हातानं शिवली. दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा घातला, तेव्हा आरशात मला माझे दोन्ही खांदे एका रेषेत दिसले.

आरशावर सुटका थोडीच होणार! "दोनी हात वर कर. नकाशा टांग. खडू पडला, उचल. आता एखादीला धपाटा घाल."

"आत्याबाई, आता मुलींना मारायला बंदी आहे."

"मग नुसता हात उगार!"

मी हात उगारला. काहीसुद्धा सरकलं नाही. सोमवारी राजीनामा फाडला आणि शाळेत गेले. साठ मुलींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि औषधांनी गळून पुन्हा बोटभर उगवलेल्या माझ्या केसांकडे बघत पहिल्या बाकावरची म्हणाली, "बाई, बारीक केस तुम्हाला लई छान दिसायलेत." मी पाठ फिरवून फळ्यावर 'मान्सून' लिहिलं, म्हणजे डोळे पुसायला वेळ मिळाला.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, पण बायकांना कुठून कळतं कोण जाणे. भूमहून, कळंबहून, वाशीहून असंच ऑपरेशन झालेली एकेक बाई परंड्याला यायला लागली. एवढ्या बोलक्या आत्याबाई त्यांच्यापुढे दोन शब्दांवर येतात. आता त्यांचे गुडघे गेलेत, नजरही कमी झालीय. त्यांच्यामागे हे कोण करणार, या विचारानं मला कधीकधी फार कसंतरी होतं. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला, "येरमाळ्याकडची एक बाई आलीया. बोलतच न्हाय. तू ये."

मी गेले. तिशीतली बाई, पदर दोन्ही हातांनी गच्च धरलेला. मी शेजारी बसून सांगितलं, "माझाही काढलाय, डावा." तिनं माझ्याकडं निरखून बघितलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं, "चैताच्या जत्रत देवीचा चुना येचाया वाकावं लागतंय. वाकलं तर दिसंल का वो?" येरमाळ्याच्या जत्रेत देवीसाठी रानातले चुनखडीचे खडे वेचायची रीत आहे. मी उठून तिच्यापुढे वाकले, जमिनीवरून खडे वेचल्यासारखं केलं. तिनं नीट बघून घेतलं, आणि तिचे हात पदरावरून सैल झाले.

आतल्या खोलीच्या पायरीवर बसलेल्या आत्याबाईंनी तिथूनच माझ्याकडे दोरा सरकवला. "आज तू घे माप," त्या म्हणाल्या. मी तळवे चोळून दोरा हातात घेतला, पण तिच्या अंगाजवळ नेता नेता मी मध्येच थांबले.

"भिऊ नगा बाई," ती मला म्हणाली, "न्हाय दुखत."